ड्रममधली कोंबडी

चौकातल्या मशीनवर लहानपणी खेळायचो तो मारामारीचा गेम दादानं आज टीव्हीला लावून दिला. म्हणला, "खेळ पिंके, सगळ्या गुंडांना झोपवायचीस की तू." म्हणून मी नि माझी पाच वर्षांची चिमी बसलो. चालत राहायचं, येईल त्याला बुक्की घालायची. आपण पडलो की लुकलुकून परत उठायचं, कितव्यांदा पडलो कुणी विचारत नाही. पण त्यात मागं जाता येत नाही हे मी विसरलेच होते, नि एकदम आठवलं, संध्याकाळी हिचे पप्पा आम्हाला परत न्यायला येणारेत, नि मला जायचं नाही हे मी दादाला अजून बोललेच नव्हते, हातावरचे वळ पण ओढणीखाली झाकलेले.

तेवढ्यात चिमीनं गेममधला ड्रम फोडला, आतनं भाजलेली कोंबडी निघाली. ती खाल्ली की लाईफ भरते. चिमीला ताटातलं पण सगळ्यात आधी लागतं, पण ती थांबली.

"खा की गं."

"तू खा आई. पप्पा येणारेत ना."

मी बटण दाबलं. कोंबडी खाल्ली, ओढणी बाजूला केली नि दादाला हाक मारली.