राबाची नोंद कचऱ्यात

“कचरा कोनी लिवला?” हरकतींच्या हिअरिंगमध्ये वनिताकाकूंनी पहिलाच प्रश्न हा विचारला. मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाईलकडे बघितलं. सही माझीच होती.

मी नगरपालिकेच्या टाऊन प्लॅनिंगमध्ये सर्व्हेअर होतो. आता रिटायर होऊन कात्रपला राहतो, त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा करण्याआधी आम्ही जागेवर जाऊन आज तिथे काय आहे ते नकाशात भरतो. घर, दुकान, शेत, पडीक, जे असेल ते. त्यावरून पुढे कुठे रस्ता, कुठे शाळा हे ठरतं.

हद्दीत नव्याने आलेल्या त्या गावात मी गेलो तो मे महिन्यात, भर दुपारी. ऊन असं की स्कूटरवरून उतरलोसुद्धा नाही. टॉवरच्या बाजूला उघडंबोडकं शेत, त्यात एक काळा, जळका चौकोन, पालापाचोळ्याची राख. फोटो काढला. रकान्यात लिहिलं, ‘मोकळी जागा, कचरा जाळण्यासाठी वापर’. आणि उसाचा रस प्यायला गेलो.

पुढच्या वर्षी आराखडा छापून आला. वरच्या मंडळींनी विचार केला असणार, नाहीतरी तिथे कचरा आहेच, तर तो सरकारी असू दे. शेतावर घनकचरा केंद्राचं आरक्षण पडलं. आरक्षण म्हणजे ती जमीन आज ना उद्या पालिका घेणार. काकूंच्या दिरांनी आपापले तुकडे कधीच बिल्डरला दिले होते. टॉवरांच्या मधे काकूंचं तेवढंच भातशेत उरलं होतं. हरकती मागवल्या आणि काकू अर्ज घेऊन हजर झाल्या.

साहेबांनी फोटो पुढे सरकवला. “काकू, हे जळलेलं स्पष्ट दिसतंय.”

“राब हाय तो.”

“राब म्हणजे?” साहेब लातूरकडचे.

“भाताचं रोप करायची जागा भाजतो आमी. शेण, पाला पसरायचा, वर माती टाकायची, पेटवायचं. तण मरतं, रोप जोरात येतं. तुमच्याकडं नाय भाजत?”

“नाही. पण ह्यांना ठाऊक हवं होतं, हे इथलेच आहेत,” म्हणत साहेबांनी मला पुढे केलं.

“कुठले वो तुमी, भाऊ?”

“अंबरनाथ पूर्व,” मी म्हणालो. “फ्लॅट.”

“मंग बरोबर.”

सगळा हॉल हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार!

साहेबांनी तरीही नेट धरला. “पण काकू, बाकी शेतातही एक काडी नव्हती.”

“मे महिन्यात शाळेत जा साहेब. एक पोर दिसनार नाय. मंग शाळा पन बंद कराल?”

साहेबांनी फाईल मिटली. मग म्हणाले, “गाडी काढा.”

जुलै होता. फोटोतल्या त्या काळ्या चौकोनात गुडघाभर हिरवं रोप, आणि बाया ते उपटून शेजारच्या चिखलात लावत होत्या. साहेब जवळून बघायला बांधावर चढले आणि थेट चिखलात उतरले, नवीन बुटांसकट.

“काकू, हात द्या!”

“देते की. पन आधी मोरीचं बोला.”

आमच्या नव्या रस्त्याच्या भरावाने तिथला ओहोळ बुजला होता. पाणी तुंबून भात कुजायचा. रस्त्याखालून पाणी जायला मोरी बांधा म्हणून दोन वर्षं काकू अर्ज देत होत्या, आणि ते अर्ज आमच्याच कपाटात होते.

“मोरी होईल,” साहेब चिखलातून म्हणाले.

“भाऊ, लिवून घ्या.”

मी लिहून घेतलं. साहेबांना वर ओढल्यावर काकूंचा आवाज बदलला. “हसते म्हनून हलकं नका समजू, साहेब. हे शेत गेलं तर सकाळी उठून मी जायचं कुठं?”

मला तेव्हा खरंच लाज वाटली. एका उसाच्या रसापायी मी त्या बाईची रोजची सकाळ हिरावून घ्यायला निघालो होतो.

साहेबांच्या कमिटीने केंद्र एका पडीक सरकारी जागेवर हलवायची शिफारस केली, ती वर मंजूर झाली. शेत शेती विभागात राहिलं. मोरी झाली, अर्थात पुढच्या उन्हाळ्यात. आणि त्यानंतर आमच्याकडे शेतजमिनीचा सर्व्हे एकदा पावसाळ्यात करायचा, एकदा उन्हाळ्यात, असा शिरस्ता पडला. दोन्ही वेळा स्कूटरवरून उतरून.

जमीन रिकामी दिसली तर आधी कॅलेंडर बघावं आणि मग मालकिणीला विचारावं, एवढं मी तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो, तेही शेवटच्या दोन वर्षांत.

दिवाळीत ऑफिसात माझ्या नावाने एक पिशवी आली. आत नव्या भाताचे पोहे. वर चिठ्ठी होती, ‘भाऊंसाठी. कचरा.’