मागाखालचा खड्डा

कच्छच्या रणातल्या हद्दीवरून दोन सरकारं भांडली, पुढे काश्मीरवरून लढाई पेटली, आणि आमच्या घरावर चाल करून आला तो आमच्याच वॉर्डातला रेशन दुकानदार! नागपूर सरहद्दीपासून किती लांब आहे ते शाळेच्या नकाशातही दिसतं. पण दंडावर नागरी संरक्षणाची पट्टी चढलेल्या माणसाला नकाशा दाखवणार कोण?

घरोघरी खंदक हवा, असं त्याचं फर्मान. आम्हा विणकरांच्या गल्लीत अंगणंच नाहीत. मग तो सरळ आमच्या खोलीत शिरला. हातमागाखाली पाय सोडून बसायला खड्डा असतो, त्याकडे बोट करून म्हणाला, "हा तं तयार खंदक हाये. आजच माग उचला."

मागावर आईचं अर्धं लुगडं होतं. माग उचलायचा म्हणजे ताणलेलं उभं सूत कापायचं. ते गाठी मारून जोडता येतं, पण गाठींचं लुगडं बाजारात कोणी घेत नाही.

आईने हात थांबवला नाही. "काहून गा भाऊ, तुह्या अंगणात खंदक काहून नाही? तिथं तं साखरेची पोती ठेवून राहिला तू."

"देश मोठा का लुगडं मोठं, वं बाई?"

"देशच मोठा. म्हणून तं तो या खड्ड्यात मावत नाही. इथं एकाचे पाय मावतेत, आन् आमी घरचे पाच."

दारातली माणसं हसली. तो चिडला आणि 'देशद्रोही, देशद्रोही' ओरडत गल्लीभर फिरला. संध्याकाळी दोन स्वयंसेवक घेऊन परत आला. आई खड्ड्यात पाय सोडून विणतच होती. बाईमाणसाला ओढून काढायची छाती कोणाची झाली नाही. लुगडं वाचलं. शेजारच्या काकांनी मात्र तो एक शब्द ऐकूनच घाबरून स्वतःच्या हाताने आपल्या मागावरचं सूत कापलं होतं.

लढाई काही आठवड्यांत थांबली. नागपुरावर बॉम्ब सोडा, फटाकाही पडला नाही. जवानांनी रक्त सांडून घेतलेली ठाणी वाटाघाटीच्या टेबलावर परत दिली गेली. काकांनी माग विकला आणि ते शहराबाहेर वाडीच्या गोदामात ट्रक भरायला लागले.

आणि वॉर्ड वाचवला म्हणून दुकानदाराचा सत्कार! मी सभेत उभा राहून विचारलं, "या माणसाने कोणाला कोणापासून वाचवलं?"

"बस ना बे खाली!" गर्दीतून कोणी ओरडलं.

मी बसलो नाही. काकांकडे वळून म्हटलं, "तुमीच सांगा."

काका मान खाली घालून टाळ्या वाजवत होते.