पंचवीसला साडेसदतीस

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत फिजिक्सचा प्रयोग उलटा चालायचा. आधी उत्तर, मग रीडिंग. भिंगाचं नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर येतं, हे आदल्या वर्षीच्या मुलांनी सांगितलेलं असायचं. भिंगं तीच, तारेची वेटोळी तीच. मग पिना जुळवत वाकून बसायचं कशाला? पंधरा येईल असे आकडे मांडायचे, एखाद्या ठिकाणी मुद्दाम थोडी चूक ठेवायची, म्हणजे खरं वाटतं. याला आम्ही ‘रीडिंग जमवणं’ म्हणायचो, आणि त्यात माझा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता.

ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. आम्ही पंचवटीत राहायचो, वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. बारावीला माझ्याबरोबर अभ्यासाला एक मित्र यायचा. तो सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, नाशकात वसतिगृहात राहणारा. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला, आणि अकरावीपासून एकदम सगळं इंग्रजी. लेखी पेपरची त्याला धास्ती होती. प्रॅक्टिकलमध्ये चांगले मार्क पडले तरच तो फिजिक्समध्ये पास होणार, असा आमचा दोघांचा हिशोब होता. नापास झाला तर वसतिगृहातली जागा जाणार होती, आणि मग भावाबरोबर द्राक्षबागांच्या कामाला जाण्यावाचून त्याला दुसरी वाट नव्हती. भाऊ दर हंगामाला पिंपळगावकडे येतच असे.

म्हणून मी त्याला शिकवायचं मनावर घेतलं. आमच्या मागच्या ओट्यावर बसून मी सगळ्या प्रयोगांचे जमवलेले आकडे त्याच्याकडून घोकून घेत असे. भिंगाच्या प्रयोगात एक पिन इतक्या सेंटिमीटरवर, तर दुसरी कितीवर, असे.

“वीसला?”

“साठ.”

“पंचवीसला?”

“साडे... साडेसदतीस.”

“चाळीसला?”

“मास्तर, थोडं थांबा ना. हे काय पाढे हायेत का?”

मला तो थट्टेनं मास्तर म्हणायचा, अहोजाहोसकट. आई आतून ओरडायची, “अरे, त्याला आधी जेवू तर दे! पोराचं तोंड बघ केवढंसं झालंय.” मग तो भाकरी खायचा आणि मी समोर बसून आकडे म्हणत राहायचो. तो घास चावत मान डोलवायचा. त्या मान डोलवण्यावर मी फार खूश होतो.

परीक्षेत माझी बॅच सकाळची होती, त्याची दुपारची. चिठ्ठी उचलली तर भिंग. मी मनात हसलो. जागेवर बसल्याबसल्या पहिली दोन रीडिंग लिहूनही टाकली. मग बाहेरून आलेले परीक्षक फेरी मारताहेत हे पाहून, निदान दाखवायला म्हणून, पिना लावल्या. भिंगापासून पंचवीसवर एक पिन, पलीकडे साडेसदतीसवर दुसरी. डोळा लावून पाहिलं. प्रतिमा आणि पिन एकमेकींच्या जवळपासही नव्हत्या. डोकं डावीकडे नेलं की एक इकडे पळायची, दुसरी तिकडे. भिंग खिडकीसमोर धरलं, तर बाहेरचं कडुलिंबाचं झाड भिंतीवर उलटं पडलं, पण पंधरावर नाही, त्याहून लांब. त्या परीक्षकांनी भिंगं बदलली होती.

लिहिलेलं खोडलं. एक रीडिंग खरं घेतलं, त्यावरून वीस येतंय हे कळलं, आणि उरलेली पुन्हा जमवली. भीतीनेसुद्धा माझी सवय गेली नाही.

पेपर दिल्यावर मात्र मित्र आठवला. दुपारी तो येणार, आणि त्याच्या डोक्यात माझे आकडे असणार. दुसरी बॅच आत जाईपर्यंत पहिल्या बॅचला लायब्ररीत कोंडून ठेवायची पद्धत होती. मी दारावरच्या शिपायाला म्हणालो, “काका, पाणी पिऊन येतो.”

“आत माठ आहे.”

“लघवीला जायचंय.”

“मघाशीच गेलास ना? मूतखडा झालाय का तुला?”

पोरं हसली. दुसरी बॅच आत गेल्यावर आम्हाला सोडलं. घरी जाण्याची माझी हिंमत नव्हती. मार्चचं ऊन होतं, मी त्याच कडुलिंबाखाली उभा राहिलो. स्वतःला दोष देत बसायची खोड मला आजही आहे, पण त्या दुपारी तिला खरंखुरं कारण होतं. त्याचा भाऊ मला दिसत होता, एकदा वसतिगृहाच्या दारात पाहिलेला, हातात नाचणीच्या भाकरीचं फडकं घेऊन संकोचून उभा असलेला. त्या माणसाला काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवत होतो. एकही धड होत नव्हतं.

तो सगळ्यात शेवटी बाहेर आला. मी पळतच गेलो. “कोणता आला?”

“भिंग.”

“अरे, भिंगं बदलली होती! मी तुला सगळं चुकीचं... माझ्यामुळे...”

तो म्हणाला, “बदलली व्हती? मला काय माहीत! मास्तर, तुमचे आकडे माझ्या डोक्यात एक दिवसबी राह्यले नाय.”

“मग मान कशाला डोलवायचास?”

“तुझी आई भाकरी वाढायची. नाय कसं म्हणू?”

वर्षभर लॅबमध्ये तो सगळ्यांच्या मागे राहायचा, शिपाई किल्ल्या वाजवायला लागेपर्यंत पिना हलवत बसायचा. मला वाटायचं, बिचारा मठ्ठ आहे. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून तो दर वेळी प्रयोग खरोखर करत होता, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. परीक्षेतही त्यानं तेच केलं होतं. परीक्षकांनी विचारलं, तुझी रीडिंग अशी वेडीवाकडी का? हा म्हणाला, सर, दिसलं तसं लिहिलं. त्यांनी सही केली आणि पुढे गेले.

“तुला किती आलं?” मी विचारलं.

“एकोणीस पॉइंट सहा. तुला?”

“वीस.”

“बरोब्बर वीस?” तो हसायला लागला. “जमवलं का रे पुन्हा?”

मी मान डोलवली. तो कडुलिंबाच्या बुंध्याला टेकून पोट धरून हसला, आणि मग मीही हसायला लागलो. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कोपऱ्यावरच्या रसवंतीत आम्ही उसाचा रस प्यायलो. जूनमध्ये निकाल लागला, तो पास झाला. वसतिगृहातली त्याची खाट राहिली. प्रॅक्टिकलमध्ये त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “बघ, मी जेवू घालत होते म्हणून.”