बुजलेला व्हॉल्व

तेरा वर्षं मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आरेखक होतो. आमगावच्या बाजूच्या गावांची पाइपलाइन सायकलने हिंडून मोजली आणि ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवली ती मी. मग नव्या इंजिनिअर मॅडम आल्या, सोबत कम्प्युटर आला, आणि माझा नकाशा आठवड्याभरात पडद्यावर गेला. पाइप म्हणजे रेघ, पाइपला फाटा फुटतो तिथे ठिपका. ठिपक्याला जमिनीची उंची आणि पाण्याची गरज द्यायची, रेघेला लांबी आणि व्यास, की कुठे किती दाबाने पाणी पोचेल ते मशीन सांगे. साहेब खुर्ची ओढून बघत बसायचे. माझ्या कापडाकडे त्यांनी कधी असं पाहिलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा, असं मी चहाच्या टपरीवर दोनदा तरी म्हणालो. खोटं कशाला बोलू, पोटात दुखत होतं.

एक दिवस मॅडमनी मला अदबीने विचारलं, शेवटच्या टोल्याकडे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीकडे, जाणाऱ्या लाइनवरचा व्हॉल्व पूर्ण उघडा धरू ना? तो अर्ध्यावरच अडकून बसलेला. रस्ता झाला तेव्हा त्यावर मुरूम पडला, मी तिथेच उभा होतो. नकाशात मात्र तो उघडा होता, नकाशातली दुरुस्ती माझ्याकडून राहून गेलेली. मी म्हणालो, नकाशात आहे तसं धरा.

पडद्यावर टोल्याचा ठिपका हिरवा झाला. टोल्याला दाब भरपूर, म्हणून तिथल्या लोकांसाठी धरलेली वेगळी पाइपलाइन अंदाजपत्रकातून निघाली.

उन्हाळ्यात टोल्यावरच्या नळाला करंगळीएवढी धार येऊ लागली. मॅडम जेवायच्या सुट्टीतही उंचीचे आकडे तपासत बसायच्या, आणि मला बरं वाटायचं. शेवटी त्या मला घेऊन टोल्यावर गेल्या आणि नळाचा दाब मोजून तिथल्या बायांना म्हणाल्या, माझाच हिशेब चुकला असेल. रांगेतल्या एका बाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“बाई नवीन हाये,” ती मला म्हणाली. “तुमी तं इथंच होते. थो व्हॉल तुमच्या डोळ्यासमोर बुजला. मंग काऊन नाई सांगतलं?”

ऑफिसात येऊन मॅडमनी पडद्यावरचा तो व्हॉल्व अर्धा बंद केला. टोल्यावर मोजला होता तेवढाच दाब आला. त्यांचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं, आणि तेव्हाही मला राग आला तो त्याचाच.