सामायिक हेलिकॉप्टर

पन्हाळ्याच्या पायथ्याला आमच्या गावची दूध डेअरी आहे, मी तिथं दूध मोजून घेतो. शेजारी पोलीस चौकी. तिथले हवालदार रोज सकाळी माझ्या टेबलाशी उभ्यानं चहा पितात आणि हेलिकॉप्टरला शिव्या घालतात. चार जिल्ह्यांच्या पोलिसांना मिळून ते एकच आहे.

"सामायिक विहिरीवरची मोटर हाय ती," बशीत फुंकर मारत ते म्हणतात. "आपली पाळी आली की लाईट जाती."

आभाळात घरघर झाली तरी ते मान वर करत नाहीत. "बघू नगा, आपलं न्हाय ते."

गेल्या पावसाळ्यात पुण्याचं एक जोडपं गडाखालच्या झाडीत वाट चुकलं. त्यांचा रडत फोन आला तसं हवालदारांनी हेलिकॉप्टर मागितलं. ते दुसऱ्या जिल्ह्यात गेलं होतं. "थांबा," म्हणून उत्तर आलं.

हे कुठले थांबतात! माझ्या हातातला माईक ओढून डेअरीच्या भोंग्यावर गरजले, "दूध घालून झालं तरी कुणी घरला जायचं न्हाय! झाडीत चला!"

सगळा गाव किटल्या ठेवून निघाला. दुपारच्या आत जोडपं माझ्यासमोर बसून गरम दूध पीत होतं.

तेवढ्यात डोक्यावर घरघर वाढली. हवालदारांनी पहिल्यांदाच मान वर केली. मला वाटलं, आता शिव्यांची लाखोली. पण त्यांनी टोपी नीट केली आणि हळूच जोडप्याकडं वळले.

"पावणं, जरा परत झाडीत जाऊन बसता काय? लांबनं आलंय बिचारं."