सीलबंद पाकिटातली एक ओळ

ती घटना मी विसरलेलो नाही. विसरावी असं मात्र पुष्कळदा वाटलं. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. चांगल्या तपासांच्या गोष्टी लोकांना सांगून झाल्या, ही राहिली होती.

मी तेव्हा चाकण पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. एका गुरुवारी सकाळी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचे मालक तक्रार घेऊन आले. मंगळवारी दुपारपासून कंपनीला बाहेरची एकही मेल आली नव्हती. कंपनीची वेबसाइट उघडली की चपला आणि सहलींच्या जाहिराती दिसत होत्या. नव्या कामाची ड्रॉइंग अडकून पडली होती.

"साहेब, हे त्याचंच काम आहे," मालक म्हणाले. "पाच आठवड्यांपूर्वी मी काढला त्याला. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. जाताना गेटवर काय बोलला, विचारा आमच्या वॉचमनला."

वॉचमनने फोनवर सांगितलं, "महिन्याभरात माझी आठवण येईल, असं म्हणाला साहेब."

मला एवढं पुरेसं वाटलं. नोकरीवरून काढलेला माणूस, हातात पासवर्ड, वर धमकी. नोकरीत मी असे कितीतरी बघितले होते, आणि बहुतेक वेळा अंदाज खरा ठरला होता.

तो एकतीस वर्षांचा होता. मूळचा बीडकडचा, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहणारा. आमच्या हवालदाराने त्याला सव्वाअकराला आणलं. मोबाईल काढून घेतला, बाकावर बसवलं.

"पासवर्ड तुझ्याकडे होता?" मी विचारलं.

"होता साहेब. जाताना लिहून दिला त्यांना."

"मग वेबसाइट कुणी वळवली?"

"कुणी वळवली नसंल. वेबसाइटच्या नावाची मुदत संपली असंल, मेल पण त्याच नावावर चालतंय. दरवर्षी ते नाव पुन्हा नोंदवावं लागतंय. याच महिन्यात होतं."

मी त्याच्यासमोरच मालकांना फोन लावला. ते म्हणाले, "मुदत संपायची असती तर नोटीस आली असती ना साहेब? मला एकही आलेली नाही." मी त्याच्या जबाबाखाली लिहिलं, 'खुलासा समाधानकारक नाही'.

तो काकुळतीला आला. "साहेब, एकच ओळ टाइप करायची. हे नाव सध्या कुणाच्या सर्व्हरकडं लावलंय ते साऱ्या जगाला दिसतंय. पासवर्ड लागत नाही, काही नाही. मला कीबोर्डला हात लावू देऊ नका, तुमीच टाइप करा."

हवालदार हसला. "लई हुशार हाय साहेब. आपल्याच हातानं पुरावा पुसाय लावील."

मलाही तसंच वाटलं. संशयिताने सांगितलेली गोष्ट ठाण्याच्या कॉम्प्युटरवर करायची नाही, हा माझा नियम होता. त्याने एका कोऱ्या कागदावर ती ओळ लिहून दिली. मी काय केलं असेल? दोन पंच बोलावले, पंचनामा केला, तो कागद पाकिटात घालून लाखेचं सील लावलं आणि मुद्देमालात जमा केला. 'संशयिताने स्वहस्ते लिहिलेली सांकेतिक ओळ' अशी नोंद घेतली. त्याआधी ती ओळ केस डायरीत अक्षरन् अक्षर उतरवून घेतली. उतरवण्यात एकही चूक नव्हती.

गुरुवारी तो सव्वासात तास बाकावर होता, शुक्रवारी साडेआठ तास. शुक्रवारी दुपारी त्याने सांगितलं की सोमवारी ताथवड्यातल्या एका कंपनीत तो कामावर हजर होणार आहे. मी पडताळणीसाठी दोन गणवेशातले शिपाई तिकडे पाठवले. ते रिसेप्शनवर उभे राहून त्याची चौकशी करून आले. संध्याकाळी तो म्हणाला, "साहेब, मला तिथनं फोन आला असंल तर बघता का? मोबाईल तुमच्याकडंच हाय." मी बघितलं नाही.

शनिवारी सकाळी त्याला पुन्हा बोलावून बसवलं आणि मी सायबर शाखेतल्या एका महिला उपनिरीक्षकांना फोन केला. सांकेतिक ओळ सापडलीय म्हटलं.

"वाचून दाखवा सर."

मी डायरीतून एकेक अक्षर वाचलं. मग त्या म्हणाल्या, "सर, यात सांकेतिक काही नाही. वेबसाइटचं नाव कोणत्या सर्व्हरवर नोंदलंय ते विचारायची साधी आज्ञा आहे ती. कॉलेजची मुलं करतात. तुमच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे ना? आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडा, मी सांगते."

मी दोन बोटांनी टाइप केलं. एंटर दाबल्यावर दोन ओळी आल्या. दोन्ही सर्व्हरच्या नावांत 'एक्स्पायर्ड' हा शब्द होता. मुदत संपलेली नावं नोंदणी करणारी कंपनी अशा सर्व्हरवर नेऊन ठेवते, असं त्यांनी सांगितलं. नोंदणीची माहितीही त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवरून काढली. मुदत मंगळवारी संपली होती. या सगळ्याला चार मिनिटं लागली.

मालकांना बोलावलं. आठवणीच्या नोटिसा कोणत्या पत्त्यावर यायच्या, विचारलं. त्यांनी ऑफिसात फोन करून खात्री केली आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्या नोटिसा त्याच माणसाच्या कंपनीतल्या मेलवर जात होत्या, आणि ती मेल त्यांनी त्याला काढलं त्याच दिवशी बंद केली होती.

"म्हणजे आमचंच चुकलं म्हणायचं," ते पुटपुटले आणि तक्रार मागे घेत असल्याचं लिहून देऊन गेले. बाकावर बसलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी त्याला मोबाईल परत दिला. ताथवड्याहून आलेला मेसेज त्याने माझ्यासमोरच वाचला. सोमवारी येऊ नका, पुढे कळवू, असा होता. तो चिडला नाही. म्हणाला, "साहेब, एक पत्र द्या. चौकशीत माझ्याविरुद्ध काही निघालं नाही, एवढंच लिहा. आज दिलं तर सोमवारी दाखवतो."

मी म्हणालो, "असं पत्र द्यायचा नमुना नसतो आमच्याकडे."

त्याने मोबाईल खिशात टाकला. मग, "बरं साहेब," म्हणून गेला.

नमुना नव्हता हे खरं. पण एका ओळीच्या कागदाला लाखेचं सील लावायचा तरी कुठे होता? पत्र दिलं असतं तर माझ्या सहीनिशी माझी चूक त्या कंपनीच्या फाईलमध्ये गेली असती. मी थांबलो ते त्या भीतीने.

त्या संध्याकाळी पिंपळे सौदागरला घरी आलो. बायकोला प्रकरण मी सांगितलं होतं. तिने विचारलं, "लागला का तपास?"

"लागला. त्या माणसाचा काही संबंध नव्हता."

"मग त्याची नोकरी?"

"ते आपल्या हातात नसतं," मी म्हणालो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर सायबरचं ज्ञान वाढलं असं सांगता येईल. ते खरं नाही. शनिवारी सकाळपर्यंत मी अडाणी होतो, आणि अडाणीपणाची माफी मागता येते. शनिवारी दुपारी मला सगळं ठाऊक होतं. तीन ओळींचं पत्र पुरलं असतं, सही आणि शिक्का माझ्याच टेबलावर होते, आणि ते माझ्याच हातात होतं.