पट्ट्याची पावलं

समजा, मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे पट्टे तपासायचं काम तुमच्याकडे आहे. दुरुस्त झालेला पट्टा मशीनच्या रबरी हाताला अडकवायचा आणि बटण दाबायचं. हात मागेपुढे झुलतो, पट्ट्यावर पावलं वाढत जातात. चालत कोणीच नसतं. तुम्ही फक्त बघत उभं राहायचं, दिवसभर.

एक बाई वर्षानुवर्षं हेच करते. तिची मुलगी पंधरा वर्षांची. गेल्या वर्षापर्यंत पहाटे धावायला जायची, आल्यावर उभ्यानेच दूध प्यायची, तोंडाचा पट्टा चालूच. मग हळूहळू सगळं सुटलं. काही घडलं म्हणावं तर तसंही नाही. विचारलं की, "काही नाही गं."

यंदा शाळेने मुलांना पट्टे वाटले. पावलं पुरी झाली की पट्ट्यावर हसरा चेहरा उमटतो. नाही झाली, तर पालकांना बोलावणं.

"आई, माझाही झुलव ना तुझ्या मशीनवर," मुलगी पडल्या पडल्या म्हणाली.

"आणि तू?"

"मी आहे की इथेच."

निदान तो हसरा चेहरा बघून तरी पोरगी उठेल, असं आईला वाटलं. तिने पट्टा कामावर नेला.

"ताई, पोरीला पाळण्यात तरी एवढं झुलवलं होतंत का?" शेजारच्या टेबलावरचा सोल्डरिंगवाला म्हणाला. तीही हसली. मशीनची चाल फार एकसारखी, शाळेला संशय येईल, म्हणून मधूनमधून बटण बंद करून तिने पट्ट्याला दम खाऊ दिला.

संध्याकाळी फोनवर शाळेचा निरोप आला: तुमची मुलगी आज आनंदी आहे. मुलीने पट्ट्यावरचा चेहरा बघितला आणि भिंतीकडे कूस वळवली. मग रोज तेच. आईला त्याचं वाईट वाटणंही बंद झालं.

एक दिवस तिने पट्टा न झुलवताच परत आणला.

"आज किती?"

"शून्य."

"अगं, बोलावतील तुला शाळेत!"

"बोलावू देत. कोपऱ्यापर्यंत चल माझ्याबरोबर."

"कंटाळा आलाय."

"मलाही. चल."

दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या, परत आल्या. घरी येताच मुलगी पुन्हा आडवी झाली.

उद्या हिला हाताला धरून न्यावं, की तिची तीच उठेल म्हणून थांबावं? आईचं सगळं एका गोष्टीवर अडलंय आणि ती तिला अजून कळलेली नाही. ही आनंदात होती म्हणून धावायची, की धावायची म्हणून आनंदात होती?